लिंबाएवढी म्हणजे किती?

माझ्या एका जुन्या वहीत मार्च २०१४ मधली नोंद आहे : 'दुपारी गारा. लिंबाएवढ्या. दहा-पंधरा मिनिटं. शाळू आडवा.' पुढे काही नाही. पान सुरकुतलंय, पण ते गारांनी नव्हे, चहाने.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला गारपिटीने झोडपलं. आज मराठवाडा, उद्या विदर्भ, परवा मध्य महाराष्ट्र. काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्षांचे घड, डाळिंबं. लाखो हेक्टरांवरचा हातातोंडाशी आलेला घास गेला. आमचं गाव गोदावरीच्या खोऱ्यातलं. ज्याने ते डोळ्यांनी पाहिलं त्याला वाटतंच, की हे कुठेतरी नीट लिहून राहिलं पाहिजे. मलाही वाटलं. कुणाकडे पाठवावं याचा शोध घेता घेता मी एका नियतकालिकापाशी पोचलो. त्याचा कारभार बिनपगारी चालतो, विषय फक्त तीव्र वादळांचा, आणि लेखकाकडून ते एक पैसाही घेत नाही. नाव भलं मोठं : 'इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ सिव्हिअर स्टॉर्म्स मीटिअरॉलॉजी'. आपण सोयीसाठी 'ईजेएसएसएम' म्हणू.

माझं टिपण तिथे छापून आलं नाही, कारण मी ते पाठवलंच नाही. ते का पाठवलं नाही, त्याचंच हे प्रकरण. अशा नियतकालिकाच्या दारात एक हौशी माणूस एक नोंद घेऊन उभा राहिला, तर त्या नोंदीचं काय होतं?

नॉर्मन, ओक्लाहोमा

नियतकालिकाची पाळंमुळं अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन शहरात आहेत. गावाच्या उत्तरेला लागूनच मूर. ३ मे १९९९ ला ब्रिज क्रीक ते मूर या पट्ट्यात आलेल्या टोर्नाडोने, म्हणजे ढगातून जमिनीला टेकणाऱ्या प्रचंड वावटळीने, ३६ जणांचा जीव घेतला. गाडीवरच्या फिरत्या रडारने त्यातला वारा ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास मोजला. नॉर्मनमध्येच स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे. सबंध अमेरिकेसाठी टोर्नाडो आणि गारपिटीचा अंदाज तिथून दिला जातो, चोवीस तास, पाळ्यांमध्ये. तिथले एक अंदाजकर्ते रॉजर एडवर्ड्स यांनी या नियतकालिकाचं संपादन केलं. म्हणजे रात्रपाळीत देशाचा नकाशा बघायचा आणि पाळी नसेल तेव्हा दुसऱ्याच्या लेखातले स्वल्पविराम बघायचे.

नियतकालिक २००६ मध्ये सुरू झालं. गरज का पडली, हे समजायला छपाईच्या पैशाकडे बघावं लागतं. अमेरिकन मीटिअरॉलॉजिकल सोसायटीसारख्या जुन्या, प्रतिष्ठित संस्थांच्या नियतकालिकांत लेख स्वीकारला गेला की लेखकाकडून पानागणिक शुल्क घेतात. यात फसवणूक काही नाही. संस्था ना-नफा आहेत, खर्च कुठून तरी निघाला पाहिजे. विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या संशोधन-अनुदानात हा खर्च धरलेला असतो. पण जिल्ह्याच्या हवामान कार्यालयात पाळी करणारा माणूस? किंवा मे महिन्यात स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून वादळांमागे हिंडणारा हौशी? त्याच्या मागे अनुदान नाही. आणि पाहिलेलं सगळ्यात जास्त त्याच्याकडेच असतं.

यातली एक बारीक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. कागदावर छापताना रंगीत आकृतीला वेगळे, आणि चांगलेच, पैसे पडायचे. आता डॉप्लर रडारचं वाऱ्याच्या वेगाचं चित्र घ्या. रडारपासून दूर जाणारा वारा लाल, रडारकडे येणारा हिरवा. टोर्नाडो जन्माला घालणाऱ्या वादळात हे दोन रंग एकमेकांना चिकटून दिसतात. ती जोडी दिसली की अंदाजकर्ता खुर्चीत ताठ बसतो. तेच चित्र काळ्या-पांढऱ्यात छापलं तर लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे होतात. जे दाखवण्यासाठी लेख लिहिला तेच पुसलं जातं! वादळांचा अभ्यास करणाऱ्यांना कागदाविना नियतकालिक हवं होतं त्यात हौसेचा भाग होता, पण हेही होतं.

बिनपगारी कामाची परंपरा मात्र या लोकांत आधीची. डेव्हिड होडली नावाचे गृहस्थ १९५६ पासून, म्हणजे कॉलेजच्या वयापासून, नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कहून वादळांचा पाठलाग करत होते. पोटापाण्याची नोकरी सरकारी, तीही आकडेमोडीची. हवामानाशी संबंध नसलेली. १९७७ मध्ये त्यांनी 'स्टॉर्म ट्रॅक' नावाचं छोटं पत्रक काढलं. लिहायचे ते, रेखाटनं त्यांचीच, पत्ते लिहून टपालात टाकणारेही तेच. आपल्याकडे दिवाळी अंकाचा एखादा संपादक घरच्या ओट्यावर गठ्ठे बांधतो, तसंच हे. १९८६ मध्ये ते टिम मार्शल यांनी हाती घेतलं. मार्शल हे इंजिनिअर, वादळाने पडलेल्या घरांची पाहणी करणारे. खिळा कुठे ठोकला होता यावरून वारा किती होता हे सांगणारे. कागदावरचा 'स्टॉर्म ट्रॅक' २००२ पर्यंत चालला. त्यात विनोद होते, प्रवासवर्णनं होती, चुकलेल्या अंदाजांच्या कबुल्या होत्या. परीक्षण नव्हतं. एखाद्याने लिहिलं की टोर्नाडो अर्धा मैल रुंद होता, तर तो अर्धा मैल.

ईजेएसएसएमने तिथे चाळण बसवली. तीही उघडी.

परीक्षक ए, बी आणि सी

शास्त्रीय नियतकालिकात लेख पाठवला की संपादक तो दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. ते शेरे देतात, लेखक दुरुस्त्या करतो, पुन्हा शेरे, पुन्हा दुरुस्त्या. हे परीक्षण जगभर फुकटच केलं जातं, अगदी बक्कळ नफा कमावणाऱ्या प्रकाशकांसाठीसुद्धा. त्यामुळे 'स्वयंसेवकांनी चालवलेलं नियतकालिक' या शब्दांनी फार भारावून जायचं कारण नाही. अर्धं काम सगळीकडे स्वयंसेवकच करतात, इथे उरलेलं अर्धंही तेच करतात, इतकाच फरक.

खरा फरक लेखाच्या शेवटी आहे. बहुतेक ठिकाणी परीक्षकांचे शेरे संपादकाच्या कपाटात जातात आणि वाचकाला गुळगुळीत झालेला लेख तेवढा दिसतो. ईजेएसएसएममध्ये लेख संपला, संदर्भांची यादी संपली, की पान उलटायचं. तिथे ठळक अक्षरांत 'परीक्षक ए', बहुतेकदा कंसात नाव, मग शिफारस : किरकोळ बदल करून स्वीकारा, मोठे बदल करून स्वीकारा, इत्यादी. खाली परीक्षकाचा आक्षेप आणि त्याला लागूनच निळ्या तिरप्या अक्षरांत लेखकाचं उत्तर. मग दुसऱ्या फेरीचे शेरे. मग परीक्षक बी. किरकोळ दुरुस्त्या गाळल्या आहेत, असंही चौकटी कंसात लिहिलेलं. सगळं भांडण वेशीवर टांगलेलं.

युरोपात 'ॲटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स' हे नियतकालिक २००१ पासून परीक्षण उघड्यावर करत होतं, तेव्हा कल्पना अगदीच नवी नव्हती. पण वादळांच्या क्षेत्रात तिची मजा वेगळी, कारण इथली माणसं एकमेकांना ओळखतात, एकाच टोर्नाडोमागे दोन गाड्यांतून धावलेली असतात.

मी आधी लेख वाचायचो. नंतर लेख सोडून शेवटची पानं वाचायला लागलो. निळ्या अक्षरांत लेखक कधी लगेच मान्य करतो, कधी अडून बसतो, कधी 'आम्हाला असं म्हणायचं नव्हतं' म्हणत मूळ वाक्य मुकाट्याने बदलतो. आपण लेख लिहिताना काय विचारलं जाईल हे शिकायचं असेल, तर याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही, आणि ती फुकट आहे.

पहिल्याच वर्षाच्या तिसऱ्या अंकातला लेख बघा. चार्ल्स डॉस्वेल आणि डेव्हिड शुल्त्झ यांचा, तीव्र वादळांच्या अंदाजात वापरल्या जाणाऱ्या निर्देशांकांबद्दल. दोघेही या क्षेत्रातले वजनदार लोक. त्यांना लेख छापायला कुठलंही नियतकालिक मिळालं असतं. त्यांनी इथे दिला, हेच नव्या नियतकालिकाला मोठं पाठबळ. आणि विषय असा, की रोजच्या अंदाजकर्त्यांच्या पायाखालची सतरंजी जराशी ओढणारा.

मुद्दा असा. वादळाला दोन गोष्टी लागतात : हवेत वर उसळण्याची ऊर्जा (तिला 'केप' म्हणतात) आणि उंचीगणिक बदलत जाणारा वारा, जो वादळाला फिरकी देतो. दोन्ही मोजता येतात. मग कुणीतरी दोघांचा गुणाकार करतं, एका ठरावीक संख्येने भागतं आणि एक आकडा तयार होतो. आकडा मोठा, धोका मोठा. सोपं. फिरकीचा आणि उर्जेचा असा एक प्रसिद्ध निर्देशांक आहे, त्यात गुणाकाराला १,६०,००० ने भागतात. आता ऊर्जा ४००० आणि फिरकी ८० असेल तर उत्तर २. ऊर्जा ८०० आणि फिरकी ४०० असेल, तरी उत्तर २. पहिली हवा उन्हाळ्यातल्या दुपारची, तापून फुगलेली. दुसरी हवा थंडीतल्या वाऱ्यांची. दोन्हींतली वादळं एकमेकांसारखी वागण्याचं काही कारण नाही, पण नकाशावर दोन्ही ठिकाणी सारखाच रंग.

डॉस्वेल आणि शुल्त्झ यांचं म्हणणं असं, की आत्ता हवा कशी आहे हे सांगणारा आकडा आणि पुढे काय होईल हे सांगणारा आकडा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला दुसरा म्हणायचं असेल तर आधी तो रीतसर पडताळून दाखवा : किती वेळा खरा ठरला, किती वेळा खोटा, आणि तो मोठा नसतानाही वादळ किती वेळा आलं. ही शेवटची बाजू लोक विसरतात. वादळ आलं त्या दिवसांचीच हवा तपासली, तर कुठलाही आकडा हुशार वाटतो. आमच्या गावात मुंग्या अंडी हलवायला लागल्या की पाऊस येतो म्हणतात. मुंग्यांनी अंडी हलवली आणि पाऊस आला नाही, असे दिवस कुणी मोजलेत?

या लेखानंतर निर्देशांक वापरायचं कुणी थांबवलं नाही. आजही वापरतात, नवेनवे निघतात. पण डॉस्वेल यांनी पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, तिथेच आणखी एक लेख दिला, आणि तो मला माझ्या वहीपर्यंत घेऊन आला. विषय : कमी नोंदी आणि कच्च्या नोंदी, टोर्नाडोंच्या आकडेवारीच्या आधाराने.

मोजणाऱ्याची फूटपट्टी

अमेरिकेत १९५० साली टोर्नाडोंच्या नोंदी दोनशेच्या आसपास होत्या. आता वर्षाला हजार-बाराशे होतात. टोर्नाडो पाच-सहा पट वाढले का? नाही, वाढले ते बघणारे डोळे, फोन, रस्ते आणि १९९० च्या दशकात बसवलेली डॉप्लर रडारं. मोठ्या टोर्नाडोंचा आकडा तसा फुगलेला नाही, फुगले ते बारके, जे पूर्वी कुणाच्या शेतात येऊन कुणालाच न कळता जात.

त्यांची तीव्रताही वारा मोजून ठरत नाही. मागे काय पडलं ते बघून ठरते. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रिनोजवळचा टोर्नाडो ४.२ किलोमीटर रुंद होता, नोंदीतला सगळ्यात रुंद. फिरत्या रडारने त्यात ताशी ४७० किलोमीटरहून जास्त वारा पकडला. त्याच वादळात टिम सॅमारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. आयुष्यभर टोर्नाडोच्या वाटेत उपकरणं ठेवणारी सावध माणसं. तरीही अधिकृत दर्जा शून्य ते पाचच्या मोजपट्टीवर तीनच राहिला, कारण तो बहुतेक मोकळ्या शेतांतून गेला आणि पाडायला तिथे फारसं काही नव्हतं. गव्हाच्या शेतातला वारा कागदावर गरीब होतो.

गारांचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या गारांच्या नोंदी आकारानुसार मांडल्या तर आलेख एकसारखा उतरत नाही. त्याला मध्येच टेकाडं येतात. २.५ सेंटीमीटरला एक, ४.४ ला एक, ७ ला एक. निसर्गाला हे आकडे का आवडावेत? तर २.५ म्हणजे त्यांचं पाव डॉलरचं नाणं, ४.४ म्हणजे गोल्फचा चेंडू आणि ७ म्हणजे बेसबॉल. माणसं गार मोजत नाहीत, ती गारेला कशाची तरी उपमा देतात, आणि उपमेचा व्यास नोंदवहीत उतरतो. आपल्याकडे तेच टेकाड बोर, आवळा, लिंबू, अंडं यांचं निघेल. गोल्फच्या चेंडूचं बरं, तो कारखान्यात एकाच मापाचा होतो. लिंबू मृगातलं की उन्हाळ्यातलं? कागदी की ईडलिंबू? बाजारातल्या एकाच ढिगात तीन सेंटीमीटरचंही सापडतं आणि पाचचंही.

शेवटची पानं वाचण्याची सवय लागलेल्या माणसाला मग स्वस्थ बसवेना. मी माझ्या नोंदीचं परीक्षण स्वतःच करून पाहिलं. परीक्षक ए म्हणजे मीच, परीक्षक बी म्हणजेही मीच.

परीक्षक ए : दुपारी म्हणजे किती वाजता? 'दहा-पंधरा मिनिटं' हे घड्याळ बघून की मागाहून अंदाजाने? गारा सुरू होण्याआधी पाऊस होता का, वारा कुठून होता, फिरला का?

लेखक : आठवत नाही. वारा पश्चिमेकडून असावा, कारण गोठ्याच्या त्या बाजूचा पत्रा उचकटला होता.

परीक्षक ए : 'असावा' काढा. पत्रा उचकटला एवढंच लिहा, आणि तो आधीच सैल नव्हता हे सांगता येईल का ते बघा.

परीक्षक बी : 'लिंबाएवढ्या' ही सरासरी की सगळ्यात मोठी? किती गारा उचलून पाहिल्या? उचलेपर्यंत किती वेळ गेला? सरासरी आणि कमाल यांत गोंधळ असेल तर ही नोंद वापरता येणार नाही.

लेखक : दोन उचलल्या. मोठ्या दिसल्या म्हणून उचलल्या.

इथे मी थांबलो. कारण 'मोठ्या दिसल्या म्हणून उचलल्या' हे वाक्य लिहिल्यावर माझी नोंद काय लायकीची आहे ते कळलं. ती खोटी नव्हती. पण ती माझ्या विस्मयाची नोंद होती, गारपिटीची नव्हे. वितळण्याचं म्हणाल तर मोठमोठ्यांनाही ते चुकलेलं नाही : २३ जुलै २०१० ला साउथ डकोटातल्या व्हिव्हियनमध्ये पडलेली, २० सेंटीमीटर व्यासाची आणि सुमारे ८८० ग्रॅमची विक्रमी गार फ्रीझरमध्ये ठेवली होती, पण वीज गेली आणि अधिकृत मोजमाप होईपर्यंत ती काहीशी आक्रसली होती. वीज जाणं ही आमचीच मक्तेदारी नाही, हे वाचून बरं वाटलं.

मग मी गावातली दुसरी कागदपत्रं शोधायला गेलो. गारपीट झाली की महाराष्ट्रात एक कागद हमखास होतो : पंचनामा. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर येतात; गट नंबर, खातेदाराचं नाव, पीक, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, पंचांच्या सह्या. २०१४ मध्ये निम्म्याहून जास्त नुकसान असेल तर मदत मिळायची. २०१५ मध्ये ती मर्यादा ३३ टक्क्यांवर आली. विमा काढलेला असेल तर पुढच्या काळात आणखी एक कागद आला, ७२ तासांत कळवण्याचा. या कागदांत गावागावाची, बांधाबांधाची गारपीट आहे. इतकी बारीक जाळी अमेरिकेतही क्वचित असेल. पण त्यात गारेचा व्यास नाही, वेळ नाही. आहे ते नुकसान. कापणी झालेल्या रानावर अंड्याएवढ्या गारा पडल्या तर कागदावर गारपीटच झाली नाही, आणि घडाने लगडलेल्या द्राक्षबागेवर बोराएवढ्या पडल्या तर शंभर टक्के. एल रिनोचा टोर्नाडो आणि आमच्या तलाठीभाऊंचा पंचनामा एकाच फूटपट्टीने मोजतात : वाटेत काय होतं?

मंडळनिहाय बसवलेली स्वयंचलित हवामान केंद्रं आता पाऊस, वारा, तापमान सांगतात. गारेचा आकार त्यांनाही सांगता येत नाही. तो अजून माणसानेच सांगायचा आहे. म्हणूनच असल्या नियतकालिकाला अंदाजकर्त्यांइतकीच बांधावरच्या माणसाचीही गरज आहे असं मला वाटतं. मोठ्या गारांच्या रडारवरच्या खुणांचा २०११ मधला ईजेएसएसएममधला लेख अमेरिकन हवामान सेवेतल्या सहा जणांनी मिळून लिहिला होता. १० सेंटीमीटर आणि त्याहून मोठ्या गारा त्यांनी धरल्या. रडारवर काय दिसलं ते यंत्राकडून आलं, पण जमिनीवर खरंच तेवढी गार पडली होती हे कुणातरी माणसाने अंगणात वाकून पाहिलेलं होतं.

आता तक्रारीचं. हे प्रकरण फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. बिनपगारी नियतकालिक मूठभर माणसांच्या सवडीवर चालतं. वर्षाकाठी मोजकेच लेख निघतात. वादळांचा हंगाम आला की संपादक, परीक्षक आणि लेखक तिघेही एकाच वेळी कामाला जुंपलेले, मग टपाल पडून राहतं. तरुण संशोधकाला नोकरी आणि बढती हवी असते, आणि निवड समितीत बसलेले लोक नावाजलेलं नियतकालिक मागतात. परीक्षण किती कसून झालं हे बघायला शेवटची पानं उलटत नाहीत. आपल्याकडे तर याच्या उलट टोकाचा बाजार आपण पाहिला : पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, परीक्षणाचा पत्ता नाही. यूजीसीला चांगल्या नियतकालिकांची यादी करावी लागली ती त्यासाठीच. ज्या देशात पैसे देऊन विनापरीक्षण छापलं जातं, तिथल्या माणसाला पैसे न घेता इतकं पिंजून काढणारी जागा बघून जरा गोंधळायला होतं.

आणखी एक. 'सिव्हिअर' या शब्दाची अमेरिकन व्याख्या त्यांच्या हवेतून आलेली आहे : टोर्नाडो, ताशी ९३ किलोमीटर किंवा त्याहून जोराचा वारा, आणि २.५ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी गार (२०१० पर्यंत १.९ ची चालायची). वीज त्यात नाही. भारतात वीज पडून वर्षाला दोन हजारांवर माणसं जातात, त्यांत शेतात वाकलेली बाई आणि झाडाखाली थांबलेला गुराखी जास्त. आपल्या बाजूने कुणी लिहिणारा तिथे गेला, तर त्याने ही व्याख्या निमूट स्वीकारू नये असं माझं मत. गाठ पडली तर निळ्या अक्षरांत वाद घालावा. जागा त्यासाठीच आहे.

मी मात्र आधी वही सुधारायला घेतली. दाराजवळच्या कोनाड्यात पत्र्याचा एक डबा ठेवला. त्यात सहा इंची पट्टी, दहा रुपयांचं नाणं, कपड्याचे चिमटे लावलेल्या प्लॅस्टिकच्या चार पिशव्या. दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. गार त्याच्याखाली पूर्ण झाकली गेली तर ती 'सिव्हिअर' च्या उंबरठ्याच्या आसपास किंवा त्याहून लहान, नाण्याबाहेर डोकावली तर निश्चित पलीकडे. अंगणात एक हात बाय एक हात चौकोन आखून त्यातल्या सगळ्या गारा उचलायच्या, लहान-मोठ्या सगळ्या. घरातले हसतात.

आणि २०१४ ची नोंद? ती वेळेवाचून लटकलेली होती. शेजारच्या अप्पांना फोन केला, ते त्या दिवशी पारावर होते.

"अप्पा, त्या गारा पडल्या तेव्हा किती वाजले होते हो?"

"चार. नाही, चाराला कमीच. पावणेचारची एसटी येऊन गेली, माणसं उतरली आणि लगेच सुरू झालं बघ. उतरलेली माणसं आपल्या देवळात शिरली."

"मोठ्यातली मोठी केवढी होती?"

"एवढी!" फोनवर ते हाताने दाखवत असणार.

"आणि एसटी त्या दिवशी वेळेवर होती का?"

अप्पा बराच वेळ गप्प बसले. "ते काही सांगता यायचं नाही," म्हणाले.